मुक्कामाची गाडी : गादीच्या आधी हवेचा विचार करा

वाचकहो, आपले वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. इकडची कुटुंबे माहूर, शेगाव, तिरुपती अशी देवदर्शने पूर्वीपासून करीत आली आहेत. पूर्वी भाड्याची जीप असे, आता काही घरी स्वतःची मोठी गाडी आली आहे. त्यातल्या काहींनी मागच्या सीट काढून गाद्या टाकल्या, गॅसची शेगडी बसवली, पाण्याची टाकी लावली. लॉजचे भाडे वाचते, म्हाताऱ्या माणसांना जिने चढावे लागत नाहीत, लेकराबाळांचे खाणे आपल्या हातचे राहते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कॅराव्हॅन म्हणजे झोपणे, स्वयंपाक आणि संडास-मोरी यांची सोय असलेली गाडी.

अशी गाडी घेतलेली मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘‘डाक्टरसाहेब, गाडी तं घेतली, आता सोबत औषधं कोनती ठेवाची?’’ प्रश्न चांगला आहे. पण औषधांची पाळी शेवटी येते. मी उलट विचारतो, ‘‘रात्री गाडीत हवा कुठून येणार?’’ यावर बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

जुन्या काळी माणसे यात्रेला बंडी जुंपून जात. चूल जमिनीवर पेटे, माणसे उघड्यावर झोपत. त्या प्रवासात हाल होते, पण हवा भरपूर होती. आजची गाडी म्हणजे पत्रा आणि काच यांची बंद पेटी. घरात ज्या चुका खपून जातात त्या या पेटीत खपत नाहीत, कारण इथे हवा थोडी आणि बाहेर पडायची वाट एक. आजचा धडा एवढ्याच गोष्टीभोवती आहे.

१. हवा

इंधन कोणतेही असो, पेट्रोल, डिझेल, गॅस किंवा कोळसा. ते अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने ठसकाही लागत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. म्हणजे छाती वरखाली होत असते, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोचत नाही. जागा माणूस डोके दुखते म्हणून कुरकुर तरी करील. झोपलेला माणूस कुरकुर न करता बेशुद्धीत जातो.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन तरुण मृतावस्थेत सापडले. ना मारामारी, ना अपघात. गाडीच्या जनरेटरचा धूर आत शिरला होता आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडने दोघांचा जीव घेतला, असे तपासात निष्पन्न झाले. गाडी चांगली, सोयी चांगल्या, माणसे तरणीताठी. तरीही असे घडले.

म्हणून पुढील नियम घरातल्या प्रत्येकाने पाठ करावेत.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपू नये. मागची नळी भिंतीला किंवा बांधाला टेकली असेल, चिखलाने बुजली असेल, कुठे जोड सुटला असेल तर धूर तळाच्या फटींतून आत येतो.

जनरेटर गाडीत किंवा गाडीखाली चालवू नये. तो किमान २० फूट दूर ठेवावा आणि त्याचा धूर गाडीच्या उलट दिशेला जाईल असे पाहावे.

चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचे घमेले आत घेऊ नये. विझत आलेला निखाराही हा वायू सोडत असतो. थंडीला उपाय म्हणजे जास्तीचे ब्लँकेट, कानटोपी आणि मोजे.

झोपताना समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटे उघड्या असाव्यात आणि त्यांना डासांची जाळी असावी. मात्र खिडकी उघडी आहे म्हणून आत शेगडी चालेल, असा अर्थ कोणी काढू नये.

या वायूची सूचना देणारे बॅटरीवरचे छोटे यंत्र मिळते. धोक्याची पातळी झाली की ते ओरडते. गाडीत टीव्ही बसवण्याच्या आधी हे यंत्र बसवावे.

लक्षणे कशी ओळखावीत? डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गळून जाणे. ताप मात्र नसतो. गाडीतल्या एकाहून जास्त माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटले, तर ते पित्त समजू नये. सर्वांना ताबडतोब बाहेर काढावे, इंजिन व शेगडी बंद करावी आणि १०८ ला फोन करावा.

येथे एक महत्त्वाची गोष्ट. करोनाच्या साथीपासून कित्येक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे. या विषबाधेत ते फसवते. त्यावर ९८ आकडा दिसतो आणि माणूस मात्र गुदमरत असतो. आकडा पाहून घरी थांबू नये. उपाय म्हणजे मास्कने शुद्ध प्राणवायू देणे. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूने साधारण तास-दीड तास. हा फरक रुग्णालयात गेल्यावरच मिळतो.

२. विस्तव

२६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई स्थानकात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्याला आग लागली आणि ९ माणसे दगावली. रेल्वेच्या म्हणण्यानुसार प्रवाशांनी चोरून आणलेला गॅस सिलिंडर त्याला कारण झाला. पहाटेचा चहा कोणाला नको असतो? पण बंद डबा आणि गॅस यांचे जमत नाही.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जाऊन खिडकीतून निघत नाही, तळाशी साचतो. उघड्या खिडकीचा म्हणून भरवसा नाही. सिलिंडरचा कप्पा वेगळा हवा, तो आतून बंद आणि बाहेरच्या बाजूने तळाशी जाळीदार हवा. सिलिंडर नेहमी उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा, चालत्या गाडीत त्याचा कॉक बंद असावा. गाद्यांच्या शेजारी घरचा १४.२ किलोचा सिलिंडर आडवा टाकून निघणे म्हणजे संकटाला आमंत्रण. माझा सरळ सल्ला असा की स्वयंपाक गाडीबाहेर, मोकळ्या जागी, वाऱ्याचा आडोसा पाहून करावा. सकाळच्या चहासाठी रात्रीच थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवावे.

गॅसचा वास आला तर दिव्याचे बटन दाबू नये, पंखा लावू नये, काडी ओढू नये. दार उघडावे, माणसे उतरवावीत, मग कॉक बंद करावा. कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे दाराजवळ ठेवावे. आग बिछान्यांच्या बाजूला लागली तर दुसरी वाट कोणती, हे लहान मुलांनाही माहीत हवे. काच फोडायची हातोडी हाताशी असावी.

कोणी भाजले तर भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद काहीही लावू नये. बर्फही नको. अंगठी-बांगड्या सूज यायच्या आधी काढाव्यात आणि स्वच्छ धुतलेले कापड सैल गुंडाळून दवाखाना गाठावा.

३. ऊन

आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात उभ्या बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण १० अंशांनी चढते. लहान मुलांचे अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट लवकर तापते. ‘‘पोर झोपलं आहे, दोन मिनिटांत दर्शन घेऊन येतो’’ हे वाक्य म्हणूनच तोंडातून निघू नये. दर्शनाची रांग दोन मिनिटांची कधीच नसते. पक्षाघात झालेल्या आजोबांनाही एकटे सोडू नये. त्यांना काच खाली करता येत नाही.

अंग चटका देण्याइतके तापले आणि माणूस बडबडू लागला किंवा गुंगला, तर तो उष्माघात. सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, काखेत व मानेवर थंड फडकी ठेवावीत. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. थंड करत करतच रुग्णालयात न्यावे.

ज्यांना इन्सुलिन लागते त्यांनी एक लक्षात ठेवावे. डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवलेले इन्सुलिन एका दुपारीही निकामी होऊ शकते आणि बाटली दिसायला तशीच राहते. बर्फाला चिकटून गोठले तरी ते वाया जाते. फ्रिज नसेल तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या मडक्यात, बाटलीला पाणी लागणार नाही अशी डबी ठेवून ते सांभाळावे. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात मडक्यातला गारवा चांगला टिकतो.

४. पाणी आणि पोट

गाडीची टाकी महिनोन्‌महिने बंद राहते आणि आत बुळबुळीत थर साचतो. निघण्यापूर्वी ती घासावी, क्लोरीनचे पाणी काही तास भरून ठेवावे, मग ओतून स्वच्छ धुवावी. टाकीचे पाणी हात-भांडी धुण्यास वापरावे. पिण्याचे पाणी वेगळ्या, तोटीच्या भांड्यात ठेवावे. पाणी कुठले याची खात्री नसेल तर खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळावे, किंवा क्लोरीनचे औषध बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबावे. संडासची टाकी धुण्याची नळी आणि पाणी भरण्याची नळी एक नसावी. दोन्ही नळ्यांचे रंग वेगळे ठेवले की घाईत चूक होत नाही. मैला नाल्यात किंवा विहिरीजवळ सोडू नये. तिथले पाणी कोणाच्या तरी घरी प्यायले जाते.

जुलाब लागले की आधी जलसंजीवनी, मग बाकीचे. पुडी लिहिल्याप्रमाणे पूर्ण पाण्यात एकदाच कालवावी, निम्मी नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. तयार पाणी चोवीस तासांत संपवावे. लेकरू सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा शौचातून रक्त आले, तर प्रवास तिथेच थांबवावा.

महिलांसाठी एक वेगळी सूचना. वाटेत सोय नाही म्हणून आमच्या आयाबहिणी पाणीच पीत नाहीत आणि लघवी तासन्‌तास रोखून धरतात. परतल्यावर जळजळ, थंडी वाजून ताप, कंबरदुखी घेऊन दवाखान्यात येतात. गाडीत खर्च करायचाच असेल तर पडद्यामागच्या संडासावर करावा. तो चैनीत मोडत नाही. आणि पुरुषांनी दर दोन तासांनी गाडी थांबवावी. चार तासांहून जास्त वेळ सलग बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. उतरून पाच मिनिटे चालले तरी पोटऱ्यांतले रक्त हलते. प्रवासानंतर एकच पाय सुजून दुखू लागला किंवा अचानक दम लागला, तर चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

५. चालकाची झोप

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ, सैलानी बाबांचे दर्शन करून परतणाऱ्या भाविकांची छोटी बस पुढे असलेल्या कंटेनरवर आदळली. १२ जण गेले. त्या अपघाताच्या कारणांचा निवाडा करणे हे माझे काम नव्हे. पण रात्रीच्या रस्त्याविषयी वैद्यकशास्त्र काय सांगते ते सांगणे माझे काम आहे. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत, आणि पुन्हा दुपारी दोन ते चार, या वेळी शरीर आपणहून झोप मागते. सलग सतरा तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतका मंद होतो. चहा, तंबाखू, गाणी यांनी झोप जात नाही, फक्त ती आली आहे हे कळत नाही.

तेव्हा रात्री दहा ते पहाटे पाच गाडी उभी. गाडीत झोपायची सोय केली ती कशासाठी? सर्दी-खाजेच्या गोळ्या आणि गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या यांनी गुंगी येते. त्या चालवणाऱ्याने घेऊ नयेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या चालकाने जेवण टाळू नये आणि खिशात साखर ठेवावी. दुसरे असे की, चालत्या गाडीत गाद्यांवर कोणीही आडवे होऊ नये. जोराचा ब्रेक लागला की झोपलेले माणूस समोर फेकले जाते. गाडी चालू असताना सर्वांनी सीटवर, पट्टा लावून बसावे. मागच्या सगळ्या सीट काढून टाकू नका, असे मी म्हणतो ते याचसाठी. शिवाय परिवहन कार्यालयाच्या मंजुरीवाचून गाडीच्या रचनेत असा बदल करणे मोटार वाहन कायद्यात बसत नाही आणि विम्याच्या वेळी अडचण येते, ती वेगळीच.

६. मुक्कामाची जागा

महामार्गाच्या कडेला, ट्रकांच्या रांगेत मुक्काम करू नये. पेट्रोल पंप, देवस्थानाचे भक्तनिवास, ओळखीच्या माणसाचे अंगण पाहावे. पावसाळ्यात नदीच्या पात्रात किंवा रपट्याजवळ गाडी लावू नये. पाऊस वर पडतो आणि लोंढा खाली येतो. विजा कडाडत असताना झाडाखाली थांबू नये, काचा लावून गाडीत बसावे.

अंधारात बॅटरीशिवाय आणि जोड्यांशिवाय खाली उतरू नये. मण्यार रात्री फिरतो, त्याचा दंश कित्येकदा दुखतही नाही. पहाटे पोट दुखू लागले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर सापाचा संशय घ्यावा. कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. हात किंवा पाय न हलवता थेट रुग्णालयात न्यावे. सर्पदंशाची लस हाच उपाय आहे.

गवतावर चटई टाकून झोपणाऱ्यांनी स्क्रब टायफस लक्षात ठेवावा. २०१८ मध्ये आपल्या नागपूर विभागात या तापाने बरीच माणसे आजारी पडली, काही दगावली. गवतातील बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो. चावल्याचे कळत नाही. एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो. काहींच्या काखेत, जांघेत किंवा कमरेला विडीच्या चटक्यासारखा काळा डाग दिसतो. औषध स्वस्त आणि गुणकारी आहे, पण ते वेळेवर सुरू व्हावे लागते. म्हणून सहलीनंतर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘‘मी गवतावर झोपलो होतो.’’ या एका वाक्याने निदान चार दिवस अलीकडे येते.

७. आता औषधांची पेटी

रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त, चिठ्ठीसह. पॅरासिटामॉल, जलसंजीवनीच्या दहा पुड्या, लहान मुलांसाठी झिंक, उलटीची गोळी, जखम धुण्याचे औषध, स्वच्छ पट्ट्या, कात्री, तापमापक, बॅटरी. कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोणता आजार आहे, हे एका कागदावर लिहून तो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. त्याच कागदावर १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ तातडीच्या मदतीसाठी आणि १०३३ राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी, हे तीन क्रमांकही लिहावेत. महाराष्ट्राबाहेर जाताना आपला ठावठिकाणा सांगता यावा म्हणून टोल नाक्याचे नाव किंवा किलोमीटरचा दगड पाहण्याची सवय मुलांना लावावी. त्यांचा वेळही चांगला जातो.

पहिली रात्र अंगणात

शेवटी, तिरुपतीला निघण्यापूर्वी एक रात्र आपल्याच अंगणात, त्याच गाडीत, सगळ्या कुटुंबाने झोपून पाहावे. कोणाला गुदमरते, आजींना रात्री उतरता येते का, संडासचे दार अंधारात सापडते का, धोक्याची सूचना देणारे यंत्र ओरडल्यावर सगळे किती वेळात बाहेर पडतात, हे सारे घरीच कळेल. राहिलेली उणीव बाजार जवळ असताना भरून काढता येते. हैदराबादच्या पुढे गेल्यावर ती रात्री दोन वाजता कळली तर उपाय सुचत नाही.

गाडी जरूर घ्यावी, म्हाताऱ्यांना देव दाखवावेत, मुलांना मुलूख दाखवावा. पण रात्री दिवा मालवण्यापूर्वी घरच्या कर्त्या माणसाने न चुकता एक फेरी मारावी : इंजिन बंद, गॅस बंद, विस्तव बाहेर, खिडक्या चार बोटे उघड्या. मगच अंग टाकावे.